एका फुटात सोळा चौकटी

पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी, म्हणजे सोळा सुटी चित्रं, मावतात. मूकपट बघायला बसण्याआधी एवढा एक आकडा लक्षात ठेवला तरी पुष्कळ गैरसमज टळतात. हजार फुटांचं रीळ सेकंदाला सोळा चौकटींच्या गतीनं सोडलं तर ते सोळा मिनिटं चाळीस सेकंद चालतं. तेच रीळ चोवीसच्या गतीनं सोडलं की अकरा मिनिटं सात सेकंदांत संपतं. माणसं तीच, पट्टी तीच. पण चालणं दुडकं होतं, नमस्कार झटक्याचा होतो आणि शोक करणारी बाई बघून हसू येतं. हसणाऱ्याचा त्यात दोष नाही. त्याच्यापुढे जे चाललेलं असतं ते मुळात कुणी चित्रित केलेलंच नसतं.

‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला तेव्हा त्याची लांबी सुमारे 3,700 फूट होती. भागाकार करून पाहा. चोवीसच्या गतीनं तो एकेचाळीस मिनिटांचा, सोळाच्या गतीनं तासापेक्षा थोडा जास्त. म्हणजे ‘चाळीस मिनिटांचा चित्रपट’ असं वाचलं तर ते लांबीइतकंच गतीबद्दलचंही विधान असतं. तेव्हाच्या कॅमेऱ्याला मोटर नव्हती, हँडल हातानं फिरवायचं. एका फेऱ्याला आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, असा सर्वसाधारण हिशेब. हात दमला की गती उतरे, प्रसंग रंगला की चढे. आज त्या नावानं जी रिळं दाखवली जातात ती इंटरनेटवर बहुतेक वेळा घाईत पळताना दिसतात. तिथे थांबून प्लेअरची गती 0.75 करावी. प्रत चोवीसची असेल तर ती अठरावर येते. नंतर कुणी जोडलेलं संगीत असेल तर ते बंद करावं, कारण ते रेंगाळून कानाला खुपतं. मग हौदावरचं दृश्य पुन्हा बघावं. पाण्याला वजन येतं. लुगडी नेसलेले पुरुष नट आता विनोदी वाटत नाहीत, कामात गढलेले वाटतात.

गती बरोबर आहे का हे ओळखायला माणसांपेक्षा वस्तूंवर जास्त भरवसा ठेवावा. नट मुद्दाम भरभर चालू शकतो, पाणी चालू शकत नाही. कमरेच्या उंचीवरून सुटलेली वस्तू जमिनीवर पडायला जेमतेम अर्धा सेकंद घेते. धूर, पडदे, घोड्याची आयाळ, उडालेली धूळ यांना स्वतःची चाल असते. एक सावधगिरी मात्र हवी. काही प्रतींत गती आधीच दुरुस्त केलेली असते आणि त्यासाठी मधल्या काही चौकटी दोनदा छापलेल्या असतात. संथ हालचालीत दर थोड्या वेळानं चित्र अडखळल्यासारखं दिसलं तर प्रत त्या जातीची आहे असं समजावं आणि प्लेअरच्या गतीला हात लावू नये.

कार्ल ड्रेयरचा 1928चा जोन ऑफ आर्कवरचा मूकपट हे या प्रश्नाचं सगळ्यात अवघड उदाहरण. तो चोवीसच्या गतीनं 81 मिनिटांचा होतो आणि वीसच्या गतीनं 97 मिनिटांचा. दोन्ही गतींच्या प्रती उपलब्ध आहेत आणि दोन्हींचे समर्थक जाणकार आहेत. माझा कौल वीसला आहे. या चित्रपटात चेहऱ्यांखेरीज फारसं काही नाही. नटांना रंगभूषा नाही, भिंती पांढऱ्याफटक दिसू नयेत म्हणून सेट गुलाबी रंगवलेला, आणि फिल्म अशी की त्वचेवरचा तीळन्‌तीळ तिनं पकडावा. डोळ्यात पाणी जमतं, पापणीच्या काठावर थांबतं आणि मग ओघळतं. वीसच्या गतीत त्या थांबण्याला अवधी मिळतो. चोवीसमध्ये न्यायाधीशांची खेकसणी धारदार होते, चौकशीचा ताण वाढतो, हे मान्य. पण जोन उत्तर देण्याआधी जी गप्प राहते ते गप्प राहणं आखडतं. याची मूळ आवृत्ती हरवलेली धरली जात होती. 1981 मध्ये ती ओस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात डब्यांत सापडली. त्याआधी लोक ज्या चित्रपटाबद्दल बोलत होते तो उरल्यासुरल्या आणि वगळलेल्या तुकड्यांतून जोडलेला होता.

बोलपट आल्यावर गती चोवीसला बांधली गेली, कारण आवाज फिल्मच्याच कडेला छापला जाऊ लागला आणि गती हलली की सूर हलणार. तरीही सूर हललाच, पुढे टीव्हीमुळे. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला पंचवीस चित्रं लागत. सोपा उपाय म्हणून चोवीसची फिल्म सरळ पंचवीसनं पळवली जाई. शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णव मिनिटांत संपे. वेळेतला हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही, गाण्यातला येतो. पेटीच्या काळी एकमध्ये गायलेलं गाणं जवळजवळ पांढरी दोनच्या दारात जाऊन उभं राहतं. अशा प्रतीतून ‘संत तुकाराम’ (1936) ऐकला की विष्णुपंत पागनीसांचा आवाज किंचित पातळ आणि उतावळा वाटतो, आणि नेमका उतावळेपणाच त्या माणसाच्या गाण्यात नाही. पेटी जवळ असेल तर एकच अभंग दोन प्रतींमधून लावून षड्ज ताडून पाहता येतो. दोन मिनिटांचं काम आहे.

दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटात पागनीस अभंग प्रेक्षकाला ऐकवत नाहीत. ते काम करता करता, चालता चालता गातात आणि कॅमेरा त्यांच्या बोलण्यातून गाण्यात शिरतो तेव्हा शिवण दिसत नाही. ‘आधी बीज एकले’ हे शांताराम आठवले यांनी लिहिलेलं पद कित्येकांना तुकोबांचंच वाटलं. त्याचं श्रेय शब्दांना आणि केशवराव भोळ्यांच्या चालीला जितकं, तितकंच या शिवण नसण्याला आहे. दुसऱ्या टोकाला जिजाई, म्हणजे तुकोबांची बायको झालेली नटी गौरी. आजारी पोराला घेऊन पांडुरंगाला जाब विचारायला निघालेली गौरी पाहावी. तिचा राग पोटातून येतो, आवाज फाटतो. 1936 च्या ध्वनिमुद्रणात वरचे स्वर फार दूरपर्यंत जात नाहीत, मागे एक सततची खरखर असते. ही खरखर काढून ‘स्वच्छ’ केलेल्या प्रती मिळतात. त्यांत खरखरीबरोबर श्वासही जातो. शब्दाच्या आधी घेतलेला श्वास ऐकू आला नाही की गौरीचं भांडण पाठ केल्यासारखं वाटतं. खरखरीची सवय कानाला पाचेक मिनिटांत होते, तेवढी कळ काढावी.

चौकटीच्या आकाराबद्दल खरं तर एवढं लिहावं लागू नये, पण सर्वाधिक नुकसान तिथेच होतं. त्या काळातली चौकट जवळजवळ चौरस, रुंदी 1.37 तर उंची 1. आजचा टीव्ही 1.78 ला 1. चित्र बरोबर बसवलं तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि पडद्याची सुमारे 77 टक्के रुंदी वापरली जाते. पट्ट्या नकोत म्हणून चित्र ताणलं तर चेहरे तीस टक्क्यांनी रुंद होतात. मोठं करून भरलं तर वरून-खालून मिळून 23 टक्के चित्र कापलं जातं. कपाळावरचा बुक्का जातो नाहीतर पाय जातात. पाय जाण्यानं काय बिघडतं? वारीच्या, भजनाच्या दृश्यात सगळंच बिघडतं. ठेका पायांत असतो.

‘कागज के फूल’ (1959) या भारतातल्या पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटाची गत उलटी झाली. तिथे चौकट 2.35 ला 1, आणि जुन्या चौकोनी टीव्हीवर ती भरून दाखवायची तर फक्त 57 टक्के चित्र उरे. गुरुदत्तनं दोन माणसांमधलं अंतर रुंदीवर मांडलं आहे. ओसाड स्टुडिओत एक या टोकाला, एक त्या टोकाला आणि मधे वरून तिरका उतरणारा प्रकाशाचा लोट. तो लोट छायालेखक व्ही. के. मूर्तींनी दिव्यांनी साधला नव्हता. बाहेरच्या उन्हात एक मोठा आरसा, त्यातलं ऊन आत वरच्या मचाणावरच्या दुसऱ्या आरशावर, आणि तिथून खाली. लोट दिसायला हवेत धूर आणि धूळ लागते. चोख हवेत प्रकाश दिसतच नाही, तो जिथे पडतो ती जागा तेवढी दिसते. आरशातलं ऊन वापरण्याचा फायदा असा की त्याचे किरण जवळजवळ समांतर राहतात, त्यामुळे लोटाच्या कडा खालपर्यंत सरळ येतात, दिव्यासारख्या फाकत नाहीत. आजच्या रुंद टीव्हीवर या चित्रपटाला वर-खाली पट्ट्या येणारच, पडद्याची तीन चतुर्थांश उंची त्याला पुरते. पट्ट्या नसतील तर प्रसंगाचा पाव भाग टीव्हीच्या बाहेर आहे. आणि चाकं किंवा घड्याळं अंडाकृती दिसत असतील तर फिल्मवर मावावी म्हणून आडवी दाबून घेतलेली स्कोपची प्रतिमा नीट उलगडलेली नाही. ती प्रत बंद करून दुसरी शोधावी.

सत्यजित राय यांची अपू-त्रयी नव्या प्रतीतून पाहिल्यावर मात्र बोलावं तेवढं थोडं आहे. 1993 मध्ये लंडनमधल्या एका फिल्म प्रयोगशाळेला आग लागली आणि तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. काही ठिकाणी नुसती राख, काही ठिकाणी कडा जळून एकमेकींना चिकटलेल्या गुंडाळ्या. त्या टाकून न देता जपून ठेवल्या गेल्या. वीस वर्षांनी इटलीत बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी ठिसूळ झालेल्या फिल्मला पुन्हा ओलावा देऊन ती उलगडली, चिकटपट्ट्यांचा डिंक काढला, तुटलेली भोकं हातानं सांधली. असं हजारेक तासांचं काम. ‘पथेर पांचाली’चा सुमारे चाळीस टक्के भाग आणि ‘अपराजितो’चा साठ टक्क्यांहून अधिक भाग थेट मूळ निगेटिव्हवरून घेता आला. बाकीचा भाग जगातल्या निरनिराळ्या संग्रहांतल्या चांगल्या प्रतींवरून भरला. 2015 मध्ये ही प्रत लोकांपुढे आली.

बघताना हा जोड कळतो का? लक्ष दिलं तर कळतो. मूळ निगेटिव्हवरून आलेल्या चित्रात दाणा, म्हणजे फिल्मचा रवाळपणा, बारीक आणि जिवंत असतो, पानांच्या कडा वेगवेगळ्या सुटतात. मधेच एखाद्या प्रसंगात करडे रंग थोडे जवळ येतात, दाणा जाड होतो, सावलीतला तपशील मिटतो. तिथे दुय्यम प्रत सुरू झालेली असते. हे खटकत नाही. उलट आपण जळण्यातून वाचलेली वस्तू पाहतो आहोत याची जाणीव राहते. काशफुलांच्या रानातून अपू आणि दुर्गा आगगाडी बघायला जातात, त्या दृश्याचा एक भाग चित्रित झाल्यावर पुढच्या खेपेला राय गेले तर गुरांनी फुलं खाऊन टाकलेली. पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं. त्या फुलांचे तुरे म्हणजे पांढऱ्यावर पांढरं. दाणा काढून टाकणारी कोणतीही यांत्रिक सफाई त्यांचा कापूस करते.

‘पथेर पांचाली’चे छायालेखक सुब्रत मित्र तेव्हा विशीच्या सुरुवातीला होते, त्यांनी आधी चित्रपट चित्रित केलेला नव्हता. ‘अपराजितो’त (1956) त्यांनी जे केलं ते आज सर्वत्र चालतं. बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. खऱ्या अशा अंगणात उजेड वरून, आभाळातून झिरपतो. त्याला एक दिशा नसते आणि सावलीला धारदार कड नसते. मित्रांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणलं आणि खालून दिवे त्यावर टाकून परतलेल्या उजेडात चित्रण केलं. परीक्षा सोपी आहे. त्याच काळातला दुसरा कोणताही स्टुडिओतला चित्रपट घ्यावा आणि माणसांमागची भिंत बघावी. एका माणसाच्या दोन-तीन सावल्या, नाकाखाली फुलपाखरासारखा काळा ठिपका, माणूस हलला की सावल्या वेगवेगळ्या दिशांना सरकतात. मग ‘अपराजितो’तल्या अंगणात अपूच्या आईला, सर्वजयाला, भांडी हलवताना पाहावं. सावली आहे, पण ती कुठे सुरू होते हे सांगता येत नाही.

हे सगळं दिसायला टीव्हीच्या काही सोयी बंद कराव्या लागतात. पहिली, हालचाल गुळगुळीत करणारी. हिला सोनीत मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन, इतरांत आणखी काही. चोवीस चौकटींच्या मधे यंत्र स्वतः कल्पून नवी चित्रं घुसवतं, आणि चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. वेगानं हललेल्या हाताभोवती वितळल्यासारखी कड येते. दुसरी, नॉइज रिडक्शन. दाण्याला ती कचरा समजते आणि चेहरे मेणाचे करते. तिसरी, शार्पनेस. बहुतेक संचांत ती शून्यावर किंवा अगदी कमी ठेवावी. वाढवली की काळ्या कडेला पांढरी कड चिकटते. चौथी, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, जी प्रसंग बदलला की उजेड स्वतःच वर-खाली करते. रंगाचं तापमान ‘वॉर्म’वर ठेवावं, पहिली दहा मिनिटं चित्र पिवळट वाटेल, नंतर डोळा सरावतो आणि निळसर कृष्णधवल पुन्हा बघवत नाही. संचात ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर यातलं बरंचसं एका बटणात होतं.

नव्या चित्रपटांनाही ही खबरदारी तितकीच लागते. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (2014) लांबून आणि स्थिर कॅमेऱ्यानं पाहतो. न्यायाधीश वाक्य जुळवून टंकलेखकाला सांगतात, वकील कागद चाळतात, मागच्या बाकावर कुणी पेंगतं, आणि एका लोकशाहिराचं आयुष्य या कामकाजाच्या गतीनं पुढे सरकतं. मोबाइलवर मागचे बाक दिसत नाहीत, आणि ते दिसले नाहीत तर चित्रपट रिकामा वाटतो. शेवटाकडे सुट्टीसाठी न्यायालय बंद होतं, एकेक दिवा मालवला जातो आणि काळोख तसाच राहतो. उजेडाच्या खोलीत बसलेल्याला तिथे काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसतं; काही संच तर पडदा रिकामा समजून पाठचा दिवाच विझवतात. खोली अंधारी असेल तर त्या काळोखात न्यायालयाची आकृती पुसट उरलेली जाणवते. चित्रपट इथेच संपला असं वाटतं. तो संपत नाही, न्यायाधीशांबरोबर सहलीला जातो. मला तो काळोख आणि ती सहल दोन्ही एकत्र हवे वाटतात. एकटा काळोख सोपा शेवट ठरला असता.

त्यांच्याच ‘द डिसायपल’मध्ये (2020) रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून मोटरसायकल संथ गतीत जाते, वर माईंचा, म्हणजे नायकाच्या गुरूंच्या गुरूंचा, आवाज आणि खाली तंबोरा. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा. या प्रसंगांचा अर्थ तंबोऱ्यात आहे, आणि तंबोराच घरात नीट ऐकू येत नाही. पुरुषी काळी एकचा षड्ज सुमारे 139 हर्ट्झ, तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, 69 च्या आसपास. टीव्हीच्या पातळ पेटीतले स्पीकर शंभरच्या खाली फारसं काही देत नाहीत. कान वरच्या स्वरांशांवरून खर्ज कल्पून घेतो, म्हणून सूर चुकत नाही, पण त्याचा भार जातो. साधे बरे हेडफोन लावले तरी फरक पडतो. नव्या चित्रपटांत संवाद पुटपुटल्यासारखे येतात त्याचं कारणही बऱ्याचदा स्पीकरमध्येच सापडतं. सहा वाहिन्यांच्या मिश्रणात संवाद मधल्या वाहिनीत असतात. दोन स्पीकरांच्या संचावर तोच ट्रॅक लावला की ते इतर आवाजांत बुडतात. ट्रॅकच्या यादीत ‘स्टीरिओ’ असेल तर तो निवडावा.

कोणती आवृत्ती आपल्यापुढे आहे हेही सुरुवातीलाच बघावं, कालावधीवरून पुष्कळ कळतं. ‘मेट्रोपोलिस’ (1927) अनेक लांब्यांत मिळतो. 2008 मध्ये ब्वेनोस आइरेसला सापडलेले प्रसंग हवे असतील तर 148 मिनिटांची प्रत घ्यावी. ते प्रसंग सोळा मिलिमीटरच्या झिजलेल्या प्रतीवरून आले आहेत, त्यांवर ओरखड्यांचा पाऊस पडतो आणि चौकटही थोडी लहान होते. म्हणून कुठला प्रसंग इतकी वर्षं गायब होता हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘शोले’चा (1975) शेवट सेन्सॉरनं बदलायला लावला होता. ठाकूर गब्बरला मारतो तो मूळ शेवट असलेली दुरुस्त प्रत 2025 मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. दोन्ही शेवट पाहिल्यावर वाटतं, पोलीस येऊन थांबवतात तो शेवट ठाकूरच्या हात नसण्याला कायद्याची शाल पांघरतो. मूळ शेवटात ते हात नसणं तसंच उघडं राहतं.

‘सैराट’ (2016) ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथे थांबावं. अजय-अतुल यांनी या चित्रपटाचं संगीत लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलं. पहिल्या भागात व्हायोलिनांचे ताफे विहिरीवर, उसाच्या फडावर कोसळतात. शेवटी नागराज मंजुळे सगळा आवाज काढून घेतात. प्रत बिघडली असं समजून अनेकजण इथे रिमोट उचलतात आणि आवाज वाढवतात. वाढवायला तिथे काही नाही. ऑनलाइन बघताना आणखी एक अडचण असते. श्रेयनामावली सुरू होताच चित्र कोपऱ्यात आक्रसतं आणि पुढच्या चित्रपटाची उलटी मोजणी सुरू होते. ते टाळायला प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोप्ले’ आधीच बंद करून ठेवावं. ऐन वेळी बटण शोधत बसलं की शांतता मोडते. मूल शेजारणीबरोबर परत येतं, आत जातं, थांबतं, मग वळून चालू लागतं. फरशीवर पावलं उमटत जातात. ते रडतंय हे त्याच्या तोंडावरून कळतं, ऐकू काहीच येत नाही, आणि खोलीत पंखा चालू असेल तर तेवढा एक ऐकू येतो.